कमरेचं शिसं

मुंबई,
ता. २९ ऑक्टोबर १९६१

प्रिय रावजी यास नामाचा रामराम, आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या जनीस अनेक आशीर्वाद.

मी इकडे ठीक आहे. तुम्ही सगळे ठीक असाल, तुमच्या गोदूचा खोकला गेला असेल. सुकी मांदेली पोचली. डबा उघडायच्या आधीच चाळीतल्या तिन्ही शेजारणींनी ती पोचल्याचं मला कळवलं. त्यातली एक नाक दाबून कळवायला आली आणि जाताना वाटीभर घेऊन गेली.

जनीशी लग्न झाल्यापासून तुला दाजी म्हणायला हवं, पण जिभेला वळण नाही. तू रावज्या होतास, रावज्याच राहशील. या पत्रानंतर तू मला काय म्हणशील ते तुझं तू ठरव.

गुडघ्याचं विचारलं होतंस. डॉक्टर म्हणाले, आता जिने चढा-उतरा तेवढे पुरे. क्लबाने निरोप दिला, हार घातला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते दोन दिवस चाललं. माझ्या जागी आलेला नवा फॉरवर्ड एकोणीस वर्षांचा आहे, बूट घालूनच जन्मला असावा असा पळतो. मी बाकावर बसून त्याला पाहिलं आणि मला राग आला, कशाचा ते कळलं नाही. तसं कळलं होतं, पण ते पुढे लिहितो.

सदा मास्तरचं निमंत्रण आलं आहे. बारा तारखेला, रविवारी, शाळेच्या पटांगणात माझा सत्कार. मुरुडचा सुपुत्र, अमुक वर्षं मुंबई गाजवली, वगैरे. मास्तरचं अक्षर सुरेख आहे. खाली लिहिलं आहे, हार श्री. रावजी यांच्या हस्ते, ज्यांनी खेळासाठी आपला पाय दिला.

पाय दिला, म्हणे. दिला म्हणजे काय, शाळेच्या इमारतीला देणगी दिली? हा एक शब्द वाचून मी आठ दिवस जेवणावरून उठतो आहे.

जने, इथपर्यंत मोठ्याने वाचलंस ना? पुढचंही मोठ्यानेच वाच. तुझी खोड मला माहीत आहे. आई आजारी होती तेव्हा माझ्या पत्रातल्या वाईट ओळी तू गाळायचीस आणि तिथे आपल्या मनाची चांगली वाक्यं घालायचीस. रावजीला वाचता येत नाही, म्हणून आज तुझ्या तोंडूनच त्याला ऐकावं लागणार. गोदूला खेळायला बाहेर पाठव. एक ओळसुद्धा गाळू नकोस, तुला माझी शपथ.

रावज्या, ओहोटीची वाळू आठवते? अशी घट्ट, की पळताना टाच वाजायची. चार वल्ही रोवली की दोन गोल झाले. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मोहल्ल्यातल्या हसनमियाँने बोटीवरून चामड्याचा बॉल आणला आणि आपण मासेमारी विसरलो. मी चढाई करायचो, तू अडवायचास. बाकीचे बॉलकडे बघायचे. तू माझ्या कमरेकडे बघायचास. "पाय फसवतो रं नाम्या, कंबर फसवत न्हाय," हे तू सतराव्या वर्षी बोललास, आणि तेवढ्या एका वाक्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

मग दोघं मुंबईला निघालो. तुझी आई, आवडाबाई, बंदरावर आली. तिने तुझ्या बापाच्या जाळ्याची दोन शिसं कापून आणली होती, जांभळाएवढी, मधे भोक असलेली. आपल्या आळीत दर्या सोडून जमिनीवर कामाला जाणाऱ्याच्या कमरेला बांधतात तशी तिने ती आपल्या करगोट्यांत ओवली. "शिसं नसलं तं जालं वर तरंगतं नि वाहून जातं," म्हणाली. "मुंबईत मानूस तसाच जातो. काढू नका रं." तुझं तुझ्या कमरेला, माझं माझ्या.

तू गोदीत लागलास आणि त्यांच्या संघात बॅक झालास. मी गिरणीत बदली कामगार, त्यांच्या संघात फॉरवर्ड. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कोणी आजारी पडावं अशी इच्छा करायची. खेळलो म्हणून टिकलो.

तो खेळ कसला होता ते तुला सांगायला नको, पण जनीला सांगतो. आम्ही अनवाणी, घोट्यापासून चवड्यापर्यंत नुसती कापडी पट्टी. पलटणीचे संघ मात्र खिळ्यांच्या बुटांत. पहिल्याच वर्षी एकाने माझ्या पायावर उभं राहून गिरकी घेतली. अंगठ्याचं नख त्याच्या बुटाला चिकटून गेलं. पुढच्या वर्षी दोन दात. एकदा कोपर नाकावर बसलं, तेव्हा कॅप्टनने ते मैदानातच दोन अंगठ्यांनी सरळ केलं आणि मला परत ढकललं. बॉल पुढे नेणाऱ्याने मार खायचा, हाच नियम. कॅप्टन म्हणायचा, ज्याला खायचा नसेल त्याने द्यायला शिकावं. मी शिकलो. रिकाम्या पोटी माणूस लवकर शिकतो.

आता एक्कावन्न सालची ती मॅच. गोदी विरुद्ध गिरणी, शेवटचा सामना.

त्या मॅचबद्दल गावात जे सांगतात ते असं: दोघांनी बॉलवर पाय घातला, पायावर पाय बसला, नशीब वाईट. मीही तेच सांगत आलो. आईला सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं. दहा वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं आहे की तोंडातून आपोआप बाहेर येतं.

आदल्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, "तो तुझा गाववाला तुला दर वेळी खिशात घालतो. उद्या त्याला ओलांडलंस तर कायम करतो. नाही तर सोमवारपासून दुसरीकडचं गेट बघ." मी खोलीवर आलो तेव्हा तू माझ्यासाठी जवळा शिजवून ठेवला होतास. आपण एका ताटात जेवलो.

पहिल्या अर्ध्यात तू मला पाच वेळा अडवलंस. पाच, मी मोजलं. डावीकडे गेलो, तू तिथे. उजवीकडे वळलो, तू तिथे. लोक हसायला लागले. पाचव्या वेळी मी तोंडावर पडलो आणि तूही हसलास. हात देऊन मला उठवलंस आणि म्हणालास, "नाम्या, कंबर सांभाल." तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण मला त्या क्षणी वाटलं, हा माणूस जिवंत आहे तोवर मी गेटवरच उभा राहणार.

मध्यंतरात मी तंबूच्या मागे गेलो. करगोटा तोडला. शिसं काढलं आणि उजव्या पायाच्या चवड्यावर, पट्टीच्या दोन पदरांमध्ये ठेवलं. वरून पट्टी आवळली, दातांनी गाठ मारली. चार पावलं चालून बघितलं. बॉल मारताना ते मलाच लागलं असतं, पण मला बॉल मारायचाच नव्हता.

जने, वाच.

बॉल आपल्या दोघांच्या मधे आला. तू सरळ पाय घातलास, नेहमीसारखा. मी बॉल जाऊ दिला. तुझी नडगी पुरती माझ्याकडे वळेपर्यंत थांबलो आणि सगळं अंग घालून लाथ मारली. वल्हं मोडल्यासारखा आवाज झाला. हाड कातडी फाडून बाहेर आलेलं मी पाहिलं, पांढरं, मग लगेच लाल. तू ओरडला नाहीस. मूठभर गवत उपटलंस आणि दुसरा हात माझ्याकडे केलास, मी धरावा म्हणून. मी तो धरला नाही. मी पंचाकडे बघून दोन्ही हात वर केले, माझी चूक नाही म्हणून.

तुला उचलून नेलं. त्यानंतर मी दोन गोल मारले. तुझ्या जागी आलेला पोरगा मला घाबरून बाजूला व्हायचा, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. पट्टीवरचं रक्त माझंच आहे असं समजून कुणीतरी त्यावर पाणी ओतत होतं.

दवाखान्यात गेलो तेव्हा नर्सने तुझा करगोटा कापून उशाशी ठेवला होता, शिशासकट. गोदीचे लोक मला मारायलाच उठले होते. तू त्यांना म्हणालास, "त्याचा दोस न्हाय. मीच पाय घातला मधी." मग मला जवळ बोलावलंस आणि हळूच विचारलंस, "तुजं शिसं हाय ना रं कमरंला?" मी म्हणालो, "हाय." ते तेव्हा माझ्या खिशात होतं, पट्टीत गुंडाळलेलं, ओलं.

तू तसं का विचारलंस, रावज्या? आजारी माणूस काहीही विचारतो म्हणून? की माझी कंबर तुला दिसली, नेहमीसारखी? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दहा वर्षं मी त्या चांदण्यात बसलो आहे. तुला ठाऊक असेल तर तू मला गप्प राहून जे दिलंस ते मला सोसवत नाही. ठाऊक नसेल तर आता झालं.

अजून एक आहे, आणि ते जनीचं आहे.

पाय वाकडा जुळला. तू गावी आलास. होडीवर उभं राहायला दोन पाय लागतात, म्हणून होडी हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा तू, किनाऱ्यावर जाळी सांधायला बसलास. तेव्हा शेजारच्या एकदरा गावातल्या एका घरून जनीला मागणी आली होती, घरची होडी, धडधाकट मुलगा. ती मी मोडली. आई म्हणाली, "लंगड्याला पोर देतोस?" मी म्हणालो, माझ्या पायाने चुकून झालं, तर घराने भरून द्यायला हवं. चुकून म्हणालो. जने, तू दाराआडून ऐकलंस आणि पुढे येऊन म्हणालीस, "दादाच्या हातून चुकून झालं तर मी जाते." माझा गुन्हा मी तुझ्या गळ्यात मंगळसूत्र करून बांधला. तू सुखी आहेस असं लिहितेस. रावजीसारखा माणूस दुसरा नाही, तेव्हा असशीलही. पण तुला विचारताना मी खोटं बोललो होतो.

तू दर वर्षी विचारतेस, दादा भाऊबीजेला का येत नाहीस. मॅच असते, असं मी लिहितो. भाऊबीजेला कुठली मॅच असते? तू पाट मांडणार, ओवाळणार, आणि शेजारी रावजी पाय लांब करून बसलेला असणार. मला त्या पाटावर बसवत नव्हतं.

त्या सोमवारी मी कायम झालो. पुढे प्रांताच्या संघात गेलो, कलकत्त्याला गेलो, पेपरात फोटो आले. लोकांना वाटतं माझ्या पायात जादू होती. माझ्या पायात भीती होती, दुसऱ्यांची. बॅक मला बघून अर्धं पाऊल मागे घ्यायचे आणि तेवढंच मला लागायचं. ज्यांनी मागे घेतलं नाही त्यांना मी मारलं. एकाची बरगडी, एकाचा घोटा, नागपूरच्या एकाचा डोळा जवळजवळ गेला. शिसं पुन्हा कधी वापरलं नाही, गरज पडली नाही. कठड्यावरून पोरं ओरडायची, "नाम्या, आडवा कर." दोन वर्षांनी बूट सक्तीचे झाले. सगळे कुरकुरले, मला मात्र बरं वाटलं. आता पट्टीला गाठ मारायची नव्हती.

त्या नव्या फॉरवर्डला पाहून राग का आला ते आता सांगतो. त्याला समोरच्या बॅकने पाडलं, मग हात देऊन उठवलं, आणि दोघं हसले. एवढंच झालं.

तर रावज्या, तू मला हार घालायचा नाहीस. सदा मास्तरला मी सत्कार नको म्हणून वेगळं पत्र टाकलं आहे, कारण लिहिलं नाही. ते आळीपुढे, पंचांपुढे सांगायचं की नाही, हे तू सांगशील तसं. सांग म्हणालास तर मी उभा राहून सांगेन, आत्ता लिहिलं तसंच.

मी शुक्रवारी, भाऊबीजेला, सकाळच्या लाँचने रेवसला उतरेन आणि एस.टी.ने दुपारपर्यंत मुरुडला पोचेन. घरी येणार नाही. आपण वल्ही रोवायचो तिथे वाळूवर अनवाणी उभा राहीन. जने, मी येईन म्हणून पाट मांडू नकोस. रावजी परत येऊन काय सांगतो ते आधी ऐक, मग तुझं तू बघ.

रावज्या, तू काठी घेऊनच ये, तुला ती लागतेच. शिसं मी बरोबर आणतो आहे. पोस्टात टाकलं नाही, हातात द्यायचं आहे. तुझ्या आईने कमरेला बांधलं होतं ते पुन्हा बांधायचं की माझ्या नडगीवर मारायचं, ते तू ठरव. मारलंस तर मी पाय मागे घेणार नाही, आणि कुणी विचारलं तर मीच पाय मधे घातला असं सांगेन.

जने, खाली सही आहे. तीही मोठ्याने वाच.

रावजीचा पाय जाणूनबुजून मोडणारा,
तुझा भाऊ
नामा