दुसरी बाटली

टेमघर
२१ एप्रिल, मंगळवार दुपार

वहिनी,

वाळत घातलेले बोंबील उलटवता उलटवता उठले आणि लिहायला बसले. हात धुतलेत, तरी कागदाला वास लागेल. तुझा भाविक जेवला. आईशिवाय झोपणार नाही म्हणाला, आणि झोपला.

दीपेशदादा संध्याकाळी तुला डबा आणेल, पत्र त्यात ठेवते. फोन केला असता, पण तुझा फोन आई उचलते. आणि आई सगळ्या वॉर्डाला सांगत असते, "विनिता हाय म्हणून बाटल्या पोचल्या. दीपेश कुठंतरी इसरून आला असता." काल ते ऐकून मी लवकर निघाले. तू विचारलंस, बस आहे का? बस नव्हती.

डॉक्टर तुला सांगत होते ते मी दाराशी उभं राहून ऐकलं. सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सर सापडला नाही, पण फोटोत छातीतली गाठ कॅन्सरसारखीच दिसते. क्वचित जंतूंमुळेही अशी गाठ होते, मग ती गोळ्यांनी बरी करता येते. "पण दुसऱ्या बाटलीत जंतू वाढलेच नाहीत. आता वाट पाहायला नको, काढून टाकू." गाठीबरोबर बहुतेक सगळा स्तन जाईल म्हणाले. तू नुसती मान हलवलीस.

तुकड्यांच्या त्या दोन बाटल्या ठाण्याच्या लॅबला मी नेल्या. एकीत औषध होतं, दुसरीत सलाईनचं पाणी. कशेळीला रिक्षा दीड तास अडकली. ऊन रणरणत होतं. साध्या पाण्यात मांस किती टिकतं, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मला वाटलं, नर्स औषध घालायला विसरली.

मी दुसरीचं झाकण उघडलं आणि पहिलीतलं थोडं औषध तिच्यात ओतलं. तुकडा नासू नये म्हणून. डोळ्यांना झोंबलं.

काल जिन्यात नर्सला विचारलं. त्या औषधात जंतू जगत नाहीत, म्हणाली. का विचारता? मी म्हटलं, सहज.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. उद्या दहाला ऑपरेशन, त्याच्या आधी. आई ओरडेल. ओरडू दे.

झाकण उघडणारी,
विनिता

बुधवार सकाळ

विनिता,

दुसरा कागद नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिते. पत्र रात्री वाचलं. सकाळी डॉक्टरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, तुला दोन शब्द बोलले, ते लिहीत नाही. ऑपरेशन थांबवलंय. आत्ताच पुन्हा सुई घालून तुकडा घेतला.

बाटली न्यायला तूच ये. दीपेश विसरेल.

मृणाली