मार्डेलच्या पेटीतला लाल ठिपका

डुलूथ,
गुरुवार, १४ मार्च १९९६

प्रिय मार्डेल,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तळ्यावरचा बर्फ अजून हलायचं नाव घेत नाही. तुझा खोकला गेला असेल.

शनिवारी चर्चच्या तळघरात आपल्या संगणक मंडळाचा घाट एकदाचा पार पडला. वीस जणांनी मिळून मागवलेल्या वीस नव्या प्रोसेसर चिपा, संगणकांच्या वीस म्हाताऱ्या पेट्या. शेजारच्या लव्होनने ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश आणली होती. एल्मरची पेटी सुरू झाली तसा तो ओरडला, "अरे, ही तर माझ्याआधी जागी झाली!" तुझी पेटीही चालते आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तू लव्होनबरोबर पेटी पाठवलीस, चिठ्ठी नाही. झाकण उघडलं तर चिपेच्या जागेपाशी तुझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. चिपेचा छाटलेला कोपरा इकडे यायला हवा, असं सांगणारा. मला काय राग आला म्हणून सांगू! आठ वर्षं मी अख्ख्या मंडळाच्या चिपा बसवतोय आणि ही मला शिकवणार? ऑक्टोबरात सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "दादा, तुला दिसत नाहीये, ती चिप माझ्याकडे दे." मी म्हणालो, "तुझी गरज नाही, घरी जा." आणि तू खरंच गेलीस. ते सगळं पुन्हा वर आलं. कापसाला स्पिरिट लावून मी ठिपका पुसून टाकला.

मग चिप उलटी बसवली.

बटण दाबलं आणि वास सुटला. लव्होनने विचारलं, "व्हर्लिन, काही जळतंय का?" मी म्हणालो, "तुझी हॉटडिश असेल." सगळे हसले. मी पटकन वायर ओढून पेटी बंद केली. नशीब, फक्त चिप गेली. माझ्या वाट्याची चिप तुझ्या पेटीत बसवली आणि ती सुरू झाली. माझ्या पेटीत जुनीच राहिली. कुणाला काही कळलं नाही. तुलाही कळलं नसतं.

खरं सांगायचं तर वर्षभर मला तो छाटलेला कोपरा दिसतच नाही. अंगठ्याने चाचपून बसवतो. त्या दिवशी रागात तेही विसरलो. मला वाटत होतं, बाबांचं झालं तेच आपलं होतंय. शेवटी ते स्वयंपाकघरातसुद्धा भिंत धरून यायचे, आठवतं? म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळत राहिलो. भित्रा आहे मी.

सोमवारी लव्होनने गाडीतून नेलं. मोतीबिंदू आहे. नुसता मोतीबिंदू, मार्डेल! बाबांचं ते नाही. बाहेर येऊन मी तिच्या गाडीत हमसून हमसून रडलो आणि मग दोन डोनट खाल्ले. किती हलकं वाटतंय, काय सांगू.

मंगळवारी २६ला ऑपरेशन आहे. लव्होन नेईन म्हणते, पण मला तू हवी आहेस. आणि एप्रिलमध्ये आणखी नऊ जणांच्या चिपा यायच्या आहेत, दहावी माझी. त्या तू बसव. मी शेजारी बसून चुका काढीन, तेवढी सवय जायची नाही.

पेटी लव्होनबरोबर पाठवतोय. झाकण उघडून बघ. काल दुकानातून लाल नेलपॉलिश आणलं आणि ठिपका होता तिथे पुन्हा लावला. जरा मोठा झालाय, वाकडाही आहे. पण कोपरा बरोबर आहे, लव्होनकडून तपासून घेतला.

तू वेळेवर सांगूनही ज्याने ऐकलं नाही, तो तुझा दादा,
व्हर्लिन