दादाच्या वरातीची अमेरिकन गाडी

बाबा, दादाच्या वरातीला जी गाडी आणली होती, तिच्याबद्दल आपलं धड बोलणं झालंच नाही. म्हणजे तुम्ही बोललात, मीच टाळलं.

सुरुवात त्याच्याही आधीपासून करायला हवी. कार्डिफला मेडिसिनची दोन वर्षं काढून मी कॉव्हेंट्रीला घरी परत आले, तेव्हा तुम्ही हॉस्पिटलला निघायच्या घाईत स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पीत होता. मी सांगून टाकलं, की परत जाणार नाही, कॅनलपाशी एका वर्कशॉपमध्ये काम मिळालंय, तिथे जुन्या अमेरिकन गाड्यांच्या बॉड्या कापून बदलतात. तुम्ही कप विसळलात, पालथा घातलात आणि म्हणालात, "पत्रे ठोकायला नव्हतं आणलं मी तुम्हाला इथे." आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मीठ दे, तुझा फोन आहे, दार नीट लाव. मराठी मंडळात कुणी विचारलं तर "ती ऑटोमोबाईल लाइनमध्ये आहे" एवढं सांगून तुम्ही हवापाण्यावर यायचात. मीही तुमचीच मुलगी, अढी धरायला मलाही येते. दुकानात काय काय चालतं ते मीही कधी घरी सांगितलं नाही.

सांगण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. एकाने चार दारांची लांबलचक सेडान आणली आणि मागचा भाग कापून तिचा पिकअप करून नेला. एका आइस्क्रीमवाल्याला गाडीच्या मागचे माशाच्या परांसारखे उभे पत्रे जसेच्या तसे ठेवून मधोमध विक्रीची खिडकी हवी होती. आम्ही हसलो, पण करून दिली. आमचा मालक कारखान्यातून कमी केलेला वयस्कर गोरा माणूस. तो म्हणायचा, पत्र्यातला उंचवटा डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो. डोळे मिटून हात फिरवायला त्यानेच शिकवलं. तुम्ही पेशंटचं पोट असंच तपासता, हे मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. पण आपल्या घरात तेव्हा ते बोलायची सोय नव्हती.

मग ती गाडी आली. अमेरिकेतली जुनी शववाहिका, काळी, अवाढव्य. कुणीतरी हौसेने बोटीतून मागवली आणि बायकोने ती दारात उभी करू दिली नाही. मालकाने ती विकत घेऊन माझ्या हवाली केली आणि म्हणाला, "मेक हर अ फॅमिली कार." पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी अशी ती पहिलीच गाडी. मी बंद बाजूंना खिडक्या कापल्या, छत चार बोटं खाली आणलं, मागे सीट बसवली. शवपेटी आत सरकवायला तळाला रोलर होते, ते काढून त्या जागी गोल चकत्या वेल्ड केल्या, घासून सपाट केल्या आणि वर गालिचा घातला. रंग दुधावरच्या सायीसारखा दिला. मागचं दार तेवढं राहू दिलं. ते कपाटासारखं आडवं उघडायचं, आणि बदलायचं तर मागची सगळी चौकट नवीन करावी लागली असती.

दादाचं लग्न लंडनमधल्या, स्टॅनमोरच्या मुलीशी ठरलं. गाडी चालवून बघताना मी ती एकदा घरापर्यंत आणली होती. त्यानंतर एका रविवारी तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "ती तुझी लांब गाडी आहे ना, वरातीला मिळेल का?" दोन वर्षांत तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा काही मागत होता. मी लगेच हो म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या गाडीत आधी कोण निजून गेलंय हे आईला कळतं, तर तिने नवी सून त्यातून घरी आणू दिली नसती, आणि तुम्ही पुन्हा पेपरात शिरला असतात. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः गाडी धुतलीत. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी बाजूला उभी राहून बघत होते.

स्टॅनमोरला हॉलच्या कार पार्कमध्ये तुमचे डॉक्टर मित्र गाडीभोवती जमले आहेत. कुणीतरी विचारतं, "हे मागचं दार असं आडवं का उघडतं हो?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, "सामान ठेवायला सोपं जातं, काका." मग त्या सगळ्यांना सांगता, "कापण्यापासून रंगापर्यंत सगळी माझ्या मुलीने केली आहे." त्या दिवशी मी बाकी काय खाल्लं, कुणाशी बोलले, काहीही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी परत द्यायला निघाले, तर तुम्ही "थांब, मीही येतो" म्हणत शेजारी येऊन बसलात. वर्कशॉपच्या दारात मी इंजिन बंद केलं तरी तुम्ही उतरला नाहीत.

"परवा धुताना गालिचा भिजला, म्हणून उचलला," तुम्ही म्हणालात. "खाली हाताला गोल ठिगळं लागली, दोन रांगांत. दिसत नाहीत, काम क्लीन आहे. पण मागच्या वर्षी माझ्या मित्राला क्रेमॅटोरियमला नेलं, तेव्हा कॉफिन मीच आत ढकललं होतं. रोलर कुठे असतात मला माहितेय."

मी कशीबशी म्हणाले, "मग तुम्ही वरात का नाही थांबवलीत?"

"गाडीचं काही नाही गं. आमच्या वॉर्डात सकाळी ज्या बेडवर एक जातो, त्याच बेडवर दुपारी दुसरा येतो आणि बरा होऊन घरी जातो. पण तू मला सांगितलं का नाहीस? काल तिथेसुद्धा मी वाट बघत होतो."

"विसरले," मी म्हणाले.

तुम्ही "बरं" म्हणालात. गोळ्या न घेताच घेतल्या म्हणणाऱ्या पेशंटला म्हणायचात, तसं. मग उतरून आत गेलात, मालकाशी हात मिळवलात आणि अर्धा तास उभे राहून सगळं बघितलंत. त्यानंतर आपण बोलायला लागलो. तुम्ही अधूनमधून दुकानात यायचात, शनिवारी डबा आणायचात. शेवटच्या आजारात तुमच्याच हॉस्पिटलात मी सोळा दिवस तुमच्या उशाशी बसले होते, तेव्हाही त्या गाडीचा विषय ना तुम्ही काढलात, ना मी. तुम्ही मला माफ केलं होतं की नुसतं सोडून दिलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

आईला अजून काही ठाऊक नाही. वरातीचा फोटो ती आल्यागेल्याला दाखवते, म्हणून हे पत्र मला घरात ठेवताही यायचं नाही, लिहून झालं की फाडून टाकीन. पण बाबा, मी विसरले नव्हते. तुम्ही दोन वर्षांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि खरं सांगितलं तर ते परत घ्याल, याची मला भीती वाटली होती.