काहून विचारलं की उभं राहायचं

अल्माटी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. साधनाताईस,

रागीचा नमस्कार. गोपालभाऊजींनाही सांग. मी बरी आहे. तूही बरी असशील, कारण परवा फोनवर तीन मिनिटांत दोनदा "ठेव आता, गिऱ्हाईक आहे" म्हणालीस.

पत्र पाहून दचकू नको. कोणी मेलं नाही, मी दुसरं लग्नही केलं नाही. फोनवर तू स्पीकर लावतेस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझे सगळे मेसेज तुझ्या आधी सुभीच वाचते. म्हणून हातानं लिहिते आहे. दर्यापूरची एक पोरगी इथे डॉक्टरकी शिकते, ती उद्या गावी निघाली, तिच्याजवळ देते. पाकीट दुकानात फोडू नको. घरी जा, हातपाय धू, सुभी शिकवणीला गेली की मग वाच.

इथे बर्फ पडायला लागला. सातव्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत भिंतीतल्या नळ्यांतून सरकारी ऊब येते, ती आपल्या हातानं कमीजास्त करता येत नाही. त्यामुळे बाहेर उणे सात आणि आत मी अकोल्याच्या मे महिन्यासारखी घामाघूम. चहा मात्र हे लोक दूध घालून पितात. तेवढ्या एका गोष्टीवर मी इथे टिकले असं समज. सफरचंदं आपल्या चांदूर बाजारच्या संत्र्यांसारखी ढिगानं मिळतात, पण एकटं माणूस किती खाईल? सडतात.

सकाळपासून चारदा हे पत्र लिहायला बसले आणि चारदा उठले. पडदे काढून धुतले. कपाट उपसलं. व्हिएतनाममधल्या एका शाळेची जाहिरात वाचली, मग घानामधल्या एका शाळेची. तुला माहीत आहे, दोन वर्षं झाली की माझ्या पायाला भिंगरी लागते. आमच्या या आंतरराष्ट्रीय शाळांचं तसंच असतं. दोन-दोन वर्षांचे करार, आणि दुसरं वर्ष लागलं की सगळे मास्तर एकमेकांना विचारतात, आता कुठे? पण या खेपेची तगमग तशी नाही. बूड टेकत नाही माझं.

आधी गमतीचं सांगते.

माझ्या वर्गात अठरा पोरं आहेत, अकरा-अकरा वर्षांची. सुभीच्याच वयाची. कझाक, कोरियन, तुर्की, एक पोलंडचा. मी त्यांना गणित शिकवते, सगळं इंग्रजीत, अगदी तोंड आवळून. गेल्या वर्षी एकानं फळ्यावर उत्तर लिहिलं आणि माझ्या तोंडातून एकदम निघून गेलं, "काहून?" पोरांना तो शब्द इतका आवडला की विचारू नको. त्याचा अर्थ सांगितला, आणि तेव्हापासून वर्गात कोणी 'व्हाय' म्हणत नाही. सगळे काहून म्हणतात. दाना नावाची एक पोरगी आहे, डोळ्यांनी बारीक आणि अकलेनं तिखट, तिनं तो शब्द आपल्या लिपीत माझ्याकडून लिहून घेतला आणि मोठ्ठा रंगवून भिंतीवर लावला. आमचे इंग्रज मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी परवा "काहून" म्हणाले. बाबा असते तर हसून हसून खाली बसले असते.

त्यावरून वर्गाचा एक नियम झाला. मीच केला. कोणी काहून विचारलं की उभं राहून उत्तर द्यायचं. "माहीत नाही" चालायचं नाही, आणि काहून कधी बिनउत्तराचा ठेवायचा नाही.

आता सोमवारची गोष्ट.

पोरं गणितं सोडवत होती. फोन थरथरला, सुभीचा आवाजी मेसेज होता. म्हटलं कानाला लावून हळूच ऐकावा. पण फोन वर्गातल्या स्पीकरला जोडलेला राहिला होता, हे माझ्या ध्यानातच नाही. आणि भरवर्गात सुभीचा आवाज घुमला:

"मम्मी, तू मले काहून नेत नाई व? माय म्हणते सीट नाई भेटत. दरसाली काहून नाई भेटत?"

अठराच्या अठरा माना वर झाल्या. त्यांना सगळ्यात दोनच शब्द कळले, मम्मी आणि काहून. दाना उठून म्हणाली, ही कोण?

ताई, मी म्हटलं, "माझ्या बहिणीची मुलगी."

विचार करून नाही म्हटलं. काहून आला तसा तोंडातून निघून गेलं. दाना म्हणाली, पण ती तर मम्मी म्हणाली. तर मी सांगितलं, आमच्या गावाकडे मावशीलाही मम्मी म्हणतात. म्हणजे आपल्या अख्ख्या वऱ्हाडाला मी खोटेपणात सामील करून घेतलं. पोरांनी मान डोलावली. शिकवणारी बाई सांगते म्हणजे खरंच असणार. मग ती काय विचारते आहे, तेही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं: मला तिकडे काहून नेत नाही?

तू आता कपाळाला हात लावला असशील. थांब, अजून आहे.

मला आठवत राहतं ते तुझं दुकान. गेल्या वर्षीचा एप्रिल. तू अंबादेवीच्या रस्त्यावर आपल्या दुकानात मोगऱ्याचे गजरे ओवत होतीस, सुभी बादलीत हात घालून फुलांवर पाणी मारत होती, आणि मी तुझ्या शेजारी पोत्यावर बसून लॅपटॉपवर या शाळेचा फॉर्म भरत होते. त्यात एक चौकट होती, सोबत राहणारी मुलं किती? तू विचारलंस, "काय लिहून राहिली व एवढं?" मी म्हटलं, "काही नाही."

तेच लिहिलं होतं, ताई. शून्य.

मस्कतला मी होते तेव्हा लेकरू नेता येत नव्हतं, ते खरं होतं. बायांच्या वसतिगृहात राहायचं, चौघींत एक संडास. तिथल्याच एका बाईनं मला शहाणपण शिकवलं होतं की, एकट्या बाईला नोकरी लवकर लागते, लेकराचं नाव घेऊ नको. म्हणून शून्य. भीती होती, तेवढी भीती समजून घे. पण इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की शिक्षकाच्या एका लेकराला ही शाळा फुकट शिकवते. पहिल्याच आठवड्यात! कचेरीत जाऊन, बाई, माझं चुकलं, शून्य नाही एक आहे, एवढं सांगायचं होतं. आणि मी तुला फोन करून सांगितलं, यंदा सीट भरल्या, पुढच्या वर्षी बघू. मग पुढच्या वर्षीही तेच. सीट दोन वर्षं रिकामी आहे, ताई. मी खोटं बोलले. तुझ्याशी आणि सुभीशीही.

मी माझ्या मनाला काय सांगत होते तेही ऐक, म्हणजे शिव्या एकदमच देता येतील. मी म्हणायची, ताईची कूस तीनदा रिकामी झाली, डॉक्टर झाले, नवस झाले, आता तिच्या घरात लेकरू खेळतं आहे तर ते मी कशाला उचलू? मी तर तिच्यावर उपकारच करते. चोरानं देवळात नारळ फोडावा तसलं हे पुण्य.

खरं ते असं. फारकती झाली, श्यामनं दुसरा संसार मांडला, तेव्हा अकोल्यात मी दिवसा शाळा करत होते आणि संध्याकाळी लोकांच्या नजरा झेलत होते. सुभीला ताप आला तरी मीच, तिची वेणी मीच, कोणी "हिचा बाप कुठं असते?" म्हटलं तरी तोंड द्यायला मीच. मस्कतला पहिल्या शुक्रवारी मी दहा वाजेपर्यंत झोपले आणि मला कोणी उठवलं नाही. उठून मी रडले, तुला वाटेल सुभीच्या आठवणीनं. नाही ताई. बरं वाटलं म्हणून रडले. मले एकटं राहणं आवडलं. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, आणि लिहितानाही दार लावलं आहे का ते दोनदा पाहिलं.

दिवाळीला तू फोनवर आवाज बारीक करून म्हणालीस, सुभी आता मोठाई म्हणत नाही, नुसतं माय म्हणते, तुला राग तर नाही ना? मी म्हटलं, छे, राग कशाचा! फोन ठेवला आणि बुटांशिवाय खालपर्यंत जिना उतरले. कुठे निघाले होते कोण जाणे. तेव्हापासून ही तगमग आहे. सोमवारची नाही ही.

मंगळवारी वर्गात गेले तर टेबलावर अठरा चिठ्ठ्या. पोरांनी आपसात ठरवलं होतं की मिसच्या बहिणीच्या मुलीचा काहून बिनउत्तराचा राहिला, हे नियमात बसत नाही. तिला मिस काहून नेत नाही, याचं प्रत्येकानं एकेक कारण लिहून आणलं होतं. कोरियन पोरगा लिहितो, कारण इथे थंडी आहे आणि तुझ्याकडे बूट नाहीत. पोलंडचा लिहितो, कारण मिसकडे एकच पलंग असेल. कोणी लिहिलं, तुला विमानाची भीती वाटते. दानानं लिहिलं होतं, कारण तुझी आई तिथे आहे, आईला सोडून कोण येईल?

मी ती चिठ्ठी वाचली आणि पोरांना म्हटलं, पान चौपन्न काढा.

दोन दिवस काढले कसेबसे. गुरुवारी कचेरीत गेले. शून्याचा एक केला. तिथल्या बाईनं चष्म्यावरून पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडे पाठवलं. खोटी माहिती दिली म्हणून लेखी खुलासा मागितला आहे, तो दिला. नोकरी जाणार नाही बहुतेक, पण मान खाली गेली ती गेली. जागा आहे म्हणाले. नाव पंधरा जानेवारीपर्यंत द्यायचं. नावाची ओळ मी कोरी ठेवली.

शुक्रवारी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं, ती माझ्या बहिणीची मुलगी नाही, माझी आहे. आणि आमच्याकडे मावशीला मम्मी म्हणत नाहीत. कोणी हसलं नाही. दाना उठली. मला माहीत होतं ती उठणार. म्हणाली, "मिस, मग काहून?"

मी म्हटलं, उत्तर आधी तिला देईन, मग तुम्हाला. तिला ते पटलं. बसली.

तर ताई, शाळेला वीस डिसेंबरला सुट्टी लागते. एकवीसला दिल्लीहून नागपूर, तिथून बस धरून दिवेलागणीपर्यंत अमरावती. सुभीला आधी काही सांगू नको. तिनं विचारलं, सीट काहून नाही भेटत, तर एवढंच म्हण की मम्मी येऊन सांगेल. मी तिच्यासमोर उभी राहून सांगीन. सीट होती, मीच घेतली नाही. एकटं राहणं आवडलं तेही सांगीन. अकरा वर्षांची आहे, तिला कळेल, आणि कळलं की ती माझ्याशी बोलणार नाही. तुझीच भाची, दहा-बारा दिवस तर नक्कीच नाही. त्या अठरा चिठ्ठ्याही आणते आहे. दानाची सगळ्यात खाली ठेवली आहे.

मग तिला विचारू. ती म्हणाली, मले नाही यायचं, मी मायपाशी राहते, तर मी हे कराराचं वर्ष संपवून येते आणि अमरावतीत शिकवते. व्हिएतनाम नको, घाना नको. शाळा तिथेही आहेत, आणि तुझ्या गल्लीत खोली मिळेलच. ती येते म्हणाली तर मात्र तुझ्या भरल्या घरातून लेकरू उचलावं लागेल. तिच्या दुधाच्या दातापासून पहिल्या चष्म्यापर्यंत सगळं तुझ्या हातून झालं. कांजिण्यांत तूच तिच्याजवळ बसलीस. मी फोनवर फक्त "जप तिला" म्हणायची, जसं काही तुला ते सांगावं लागत होतं.

म्हणून शेवटचा शब्द तुझा. सुभी काहीही म्हणो, आधी तू ठरव. तू हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे, भाऊजींना स्टँडवर पाठवू नको, मी ऑटोनं येईन. पण तू नाही म्हणालीस तर मी तुले काहून विचारणार नाही.

तुझी,
आणि कोणी विचारलं तर सुभीची मम्मी,

रागिणी