फळ्यावर न लिहिलेलं नाव

दादा,

काल फोनवर तू म्हणालास, "शाळेच्या ऑफिसात शिपाई आहेस ना? मग कॉम्प्युटरवर शोध की माझ्या पोरीचं नाव! सख्ख्या भावासाठी एवढंही जड झालं?" मी म्हणालो, सापडत नाही.

ती आमच्याच शाळेत आहे. तुझ्या मारानं वहिनींच्या ओठाला टाके पडले, त्यानंतर त्या माझ्या भरवशावर तिला इथं घेऊन आल्या. मूल शाळेत आहे की नाही, हेसुद्धा बाहेर सांगायचं नाही, असं मोठ्या बाईंनी बजावलंय.

आज तिचा वाढदिवस. फाटकाजवळच्या फळ्यावर वाढदिवसाची नावं मीच लिहितो. रस्त्यावरूनही ती वाचता येतात, म्हणून तिचं लिहिलं नाही. मधल्या सुट्टीत ती तरातरा आली. "काका, मला विसरलास? बावळट!" मग वर्गातल्या फळ्यावर फुलं काढून तिचं नाव लिहिलं, तेव्हा कुठे हसली.

"निदान ती बरी आहे का, एवढं तरी कळू दे," फोन ठेवताना म्हणालास. बरी आहे, दादा. पण एवढं सांगितलं, तरी ती मला दिसते हे तुला कळेल. म्हणून हे पत्र मी फाडणार आहे. उद्या तुझा फोन आला की पुन्हा म्हणेन, सापडत नाही.

तुझाच,
धाकटा