गाडी विकली नाही, कोकरू गेलं

आदरणीय जेनिश आके,

तुम्हाला वाकून सलाम. तुमची गाडी विकायला काढली होती, गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि तो सौदा मी मोडला. मुद्दाम मोडला. बाकी तब्येत कशी आहे? पाठ दुखायची थांबली का? मॉस्कोत बर्फ वितळला का? आम्ही सगळे मजेत. आपाचे गुडघे मजेत नाहीत, पण आईच ती, म्हणते, गुडघे सोडून सगळं मजेत असं लिही.

(आता हे आदरणीय, आके आणि तुम्ही-बिम्ही बास. थोरल्या भावाला असंच लिहितात हे मला कळतं, पण अहो-जाहो करत एवढा मोठा गुन्हा सांगताना हात अडखळतो. पुढे तू.)

फोन का नाही केला, म्हणशील. अरे, आपा फोन हातात आल्या आल्या आवाज मोठा करते आणि अंगणात जाऊन उभी राहते, त्यामुळे तुझी खुशाली शेजाऱ्यांच्या गाईलासुद्धा कळते. त्यात गुपित कसं सांगू? शेजारचा मेदेर तिकडे कामाला निघालाय, त्याच्याबरोबर आपाने तुझ्यासाठी वाळवलेल्या दह्याचं कुरूत दिलंय. त्या पिशवीच्या तळाशी हे पत्र. म्हणजे तू वाचतोयस तेव्हा तोंडात एक गोळा असणारच. मध्येच हसू नकोस, या खेपेचं कुरूत दगडासारखं वाळलंय, दात जाईल.

झालं असं. मागच्या वेळी फोनवर तू बाबांना म्हणालास, गाडी उभी राहून सडेल, विकून टाका. किती सहज म्हणालास! जशी काही फाटकी चप्पल. (गाडी सडत नाहीये. मी अधूनमधून सुरू करून बघतो. बघतो म्हणजे जरा फिरवतो. जरा म्हणजे कोचकोरच्या बाजारापर्यंत. हे बाबांना माहीत नाही, फक्त पेट्रोलच्या टाकीला माहीत आहे.) बाबा 'बरं' म्हणाले. आपा उठून गाईला पाणी पाजायला गेली. गाय नुकतीच पिऊन बसली होती. मला तेव्हाच कळलं. गाडी अंगणात आहे तोवर तू कामाला गेलेला आहेस. गाडी गेली की तू तिकडचा झालास. आपल्या गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या गाड्या विकल्या गेल्या, त्यांचे मुलगे आता फक्त फोनमध्ये राहतात.

आणि गाडी तरी कशी! जपानची, स्टिअरिंग उजवीकडे, आणि आपण चालतो रस्त्याच्या उजव्या अंगाने. म्हणजे चालवणारा बसतो गटाराकडे आणि शेजारचा मरणाकडे. पुढच्या ट्रकच्या पलीकडून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसतच नाही, शेजारच्याने मान काढून बघायचं आणि सांगायचं. तुझ्या शेजारी कायम मी. मी "मार!" म्हटलं की तू गाडी पुढे मारायचास, स्वतः बघायचासही नाहीस. (एकदा समोरून दुधाचा टँकर येत असताना मी गंमत म्हणून "मार" म्हणालो होतो. त्या टपलीचा आवाज अजून कानात आहे. पण पुढचा ट्रक आला तेव्हा तू पुन्हा मलाच विचारलंस. त्याचं मला अजून नवल वाटतं.) आता बाबांना शेजारी घेऊन निघालं तर ते घरापासून बाजारापर्यंत एकच शब्द म्हणतात, "थांब." परवा एक गाढवगाडी आम्हाला मागे टाकून गेली, वर गाडीवाल्याने सलामही केला. आणि एकटा असलो की पेंढ्याच्या ट्रकमागे अडकतो, मान वाकडी करकरून थकतो, शेवटी केसांत पेंढा घेऊन मुकाट मागे राहतो. रिकाम्या सीटला दोनदा विचारूनही झालं, येतंय का रे कोणी म्हणून. (हे वाचलंस तर वाचलंस, पुढे चल.)

गिऱ्हाईक म्हणजे तळ्याकडचे काचिबेक आके, तिथे रस्त्याकडेला धुरी दिलेले मासे विकतात. माणूस एवढा रुंद की दारातून आधी टोपी आली, मग पोट, आणि बऱ्याच वेळाने काचिबेक आके आले. चहा झाला, भाकरी मोडून झाली, आणि बाबांनी चूक केली. मला म्हणाले, तिलेक, आकेंना घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत फिरवून आण.

माझा बेत सोपा होता. आपल्या रस्त्यावर लोक जे जे करतात ते सगळं एकाच फेरीत करायचं. एकेकाने कोणी घाबरत नाही, पण सगळं एकदम अंगावर आलं तर माणूस पायी घरी जाईल.

बसल्या बसल्या त्यांनी पट्टा ओढला. मी तोंड पाडून म्हणालो, "आके, माझ्यावर विश्वास नाही?" बिचारे इतके ओशाळले की पट्टा पाठीमागून नेऊन अडकवला, नुसता गाडीने ओरडू नये म्हणून. पहिला डाव माझा. मग समोरून नेहमीची दूधवाल्याची गाडी आली. मी भर रस्त्यात थांबलो, तोही थांबला, काचेला काच. आता माझी बाजू गटाराकडची, तेव्हा सगळ्या गप्पा काचिबेक आकेंच्या पोटावरून. तब्येत कशी, बायकोची कशी, गुरांची कशी, घोडी व्याली का. मागे गाड्या साचल्या, हॉर्न सुरू झाले. (तू म्हणाला होतास ना, मॉस्कोत कोणी हॉर्न वाजवत नाही? ते ऐकून आपाला फार वाईट वाटलं. म्हणाली, बिचाऱ्यांची कोणाशी ओळखच नाही.) मला वाटलं, आता हे चिडणार. कसले चिडतात! दूधवाला त्यांच्या बायकोच्या माहेरचा निघाला. मग माझ्यापेक्षा जास्त वेळ तेच बोलले. मागचे ड्रायव्हर उतरून आले, तेही बोलले, आणि निघताना एकजण आम्हाला जर्दाळू देऊन गेला.

म्हटलं ठीक आहे, कबरस्तान येऊ दे. कबरस्तानापाशी सगळेच तोंडावरून हात फिरवतात, पण चालवणाऱ्याने निदान एक हात स्टिअरिंगवर ठेवावा असं तू मला शिकवलं होतंस. मी दोन्ही सोडले. लांबलचक दुआ म्हटली, डोळेसुद्धा मिटले. (एक उघडा होता, शपथ.) गाडी आपली बटाट्याच्या शेताकडे निघाली. मी हळूच डावीकडे बघितलं, तर काचिबेक आके माझ्याहून लांब दुआ करत होते, दोन्ही तळवे तोंडावर, एकही बोट फाकलेलं नाही. शेवटी घाबरून स्टिअरिंग मीच धरलं. "ओमीन," ते म्हणाले. "आजकालची पोरं दुआ उरकतात. तू चांगल्या घरचा आहेस."

मग चढावर पेंढ्याचा ट्रक आला. माझं शेवटचं हत्यार. वळणाच्या तोंडावर मी विचारलं, "आके, येतंय का कोणी?" तेवढा पोटाचा डोंगर सांभाळत त्यांनी अर्धं अंग बाहेर काढलं, टोपी एका हाताने दाबली, आणि असे ओरडले, असे ओरडले, "मार रे बाळा, मार!" जेनिश, माझा पाय आपोआप दाबला गेला. मी बघितलंही नाही. ट्रक मागे पडला, समोर सगळा रस्ता मोकळा, डोंगरावर मेंढ्या चढत होत्या, आणि मी उगाच लांबलचक हॉर्न वाजवला. मग ते म्हणाले, "माझा धाकटा असाच चालवायचा. तोही तिकडेच आहे, तीन हिवाळे झाले." नाक पुसलं, डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, "घेतली. ही गाडी मी घेतली."

माझी हवाच गेली. एवढी मेहनत करून मी गाडी विकून बसलो होतो! आणि मग तोंडातून निघून गेलं. म्हणालो, आके, नका घेऊ, जेनिश परत येतोय. बटाटे काढायच्या वेळेला. कायमचा. लग्न करायचंय त्याला. (एकदा तोंड उघडलं की मला कुठे थांबायचं कळत नाही, हे तुला माहीत आहे.) ते म्हणाले, मग तुझा बाप का विकतोय? म्हटलं, त्यांना माहीत नाही, अचानक येऊन चकित करणार आहे, फक्त मला सांगितलंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "परत येणाऱ्याच्या दारातलं वाहन नेणारा मी कोण? वळव."

मी वळवली. वाटलं, सुटलो. पण गुपित पोटात ठेवायचं म्हणजे पोट लहान लागतं. अंगणात गाडी थांबायच्या आत ते अर्धे बाहेर, आणि आपाला बघून दोन्ही हात पसरून आरोळी, "सुयुंचू! सुयुंचू!" आता आनंदाची बातमी आणणाऱ्याला आधी भेट कबूल करावी लागते, मगच तो तोंड उघडतो. आपाने कणकेचे हात तसेच वर केले आणि म्हणाली, "काय मागशील ते दिलं, आधी सांग!" त्यांनी सांगितलं. तुझं येणं, बटाटे, लग्न, सगळं. मी म्हणालो नव्हतो तेही थोडं सांगितलं. आपा गाडीला टेकून उभी राहिली. मग गोठ्यात गेली आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेलं कोकरू घेऊन आली. तेच, जे ती बाटलीने दूध पाजून वाढवत होती. बाबा सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. ते मला चांगलं ओळखतात. मला वाटलं, आता पट्टा निघतो. पण कोकराचे पाय बांधायला दोरी त्यांनीच आणून दिली.

काचिबेक आके मिनीबसने गेले, कोकरू मांडीवर. अशी आपल्या गाडीची विक्री झाली.

मोठ्यांना माझा सलाम, खोलीतल्या मित्रांना सलाम. मला तुझी आठवण अजिबात येत नाही, काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
तिलेक

ता. क. – येताना काही आणू नकोस. आपाने नवी गादी शिवायला घेतलीये, लोकर मी पिंजतोय, हाताला फोड आलेत. लग्नाचं मनावर घेऊ नकोस, मुलगी ती बघतेच आहे, पण ते मागाहून निस्तरू.

ता. क. – तू अचानक येणार आहेस ना, म्हणून आपाने ठरवलंय, आपल्याला काहीच माहीत नाही असं दाखवायचं. फोनवर ती हवापाण्याचं बोलते आणि मध्येच उगाच हसते, ते नाटक आहे. चांगलं जमलंय असं तिला वाटतं.

ता. क. – आता खरं. खोटं मीच बोललो, पण त्या खोट्याची भेट देऊन झालीये, आणि दिलेलं सुयुंचू कोणी परत मागत नाही. मला ते खरं करता येत नाही, तुलाच येतं. कायमचा नाही तर नाही, बटाट्यांपुरता ये. आणि तोवर आपाने फोनवर चुकून विचारलंच, येतोयस ना म्हणून, तर मार मला, शिव्या दे, पण तिला "कोण म्हणालं?" असं विचारू नकोस. मेदेरला सांगू नकोस, खोलीतल्या पोरांना सांगू नकोस. जेनिश आके, तुमच्या पाया पडतो, कोणाला म्हणजे कोणालाही सांगू नका.