कडुनिंबाचं पान लावलेलं इमूचं तेल

३ जानेवारी, कोरेगाव

सांगलीच्या नणंदेशी, सुनंदाशी, फोनवर वाजलं. कोण काय बोललं यावर पुढे फाटे फुटू नयेत, म्हणून लिहून ठेवते.

माझ्या बाटलीवर मी ठळक लिहिते: इमू पक्ष्याच्या चरबीचं तेल. सुनंदा ती चिठ्ठी सोलून काढते आणि कडुनिंबाच्या पानाचं स्टिकर लावते. का, तर खपतं. तशी एक बाटली तिने शेजारच्या पाटील आजींना दिली. पाटील जैन. आजी पंच्याऐंशीच्या. घरात कांदा-बटाटा येत नाही, दिवस मावळायच्या आत जेवण.

"अवो वैनी, अंगाला लावायचं हाय, खायचं थोडंच हाय? खाजेपायी झोप नव्हती त्यांना. आता गाढ झोपतात. सांगून काय मिळवणार तुमी?"

मी म्हटलं, परवा येते.

४ जाने.

तेल केलं. चरबीचं भांडं थेट विस्तवावर नाही, गरम पाण्यात. मंद आच. दोनदा फडक्यातून गाळलं. वास राहिला तर मी सगळं ओतून देते, बी.एस्सी.ला रसायन घेतलं ते काही उगाच नाही.

भेगाळ टाचा, कोपर, कोरडी टाळू: उत्तम. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना चार थेंब, जास्त नको. केसांना लावून तासाभराने धुवायचं, मऊ होतात. टकलावर केस उगवत नाहीत. उंब्रजच्या एका गृहस्थांना हे तोंडावर सांगितलं. रागावले. मग बायकोसाठी एक बाटली घेऊन गेले.

तेल चांगलंच आहे. त्याला खोट्या नावाची गरज नाही.

५ जाने., सांगली

सुनंदा म्हणाली, मी येत नाही. आली, माझ्या पाठीमागे लपून.

आजी ओसरीवर उन्हात बसलेल्या. एका वाक्यात सांगून टाकलं. सून चहा आणत होती, तिथेच थांबली.

आजी: "कोंबडीगत असतंय व्हय ते?"
"मोठा. माणसाएवढा."
"कापून काढता चरबी?"
"हो."
"तू कापतीस?"
"नाही. धाकटे दीर. वडूजला."
"मंग तुझं हात चांगलं म्हणायचं."

टोमणा होता.

सून सुनंदाला म्हणाली, "काकू, ते तेल चोळलेले हेच हात आई पूजेला..." पुढचं गिळलं तिने. आजींनी तिलाच दटावलं: "तिला बोलू नगं. मला झोप लागावी म्हणून केलं तिनं." मग म्हणाल्या, प्रायश्चित्त म्हणून उपास धरते. सून म्हणते डॉक्टरांनी बजावलंय, उपाशी राहायचं नाही. आजी ऐकतील तर ना.

येताना बाटली परत आणली. अर्धी होती.

७ जाने.

कोकम तेल खोबरेलात वितळवून डबीत भरलं. मधमाश्यांचं मेण घातलं नाही, तेही त्यांना चालणार नाही. अंगावर बसतं, पण इमूसारखं मुरत नाही. खरं ते खरं.

सुनंदाचा फोन. आजी नुसत्या पाण्यावर. खाज परत सुरू, दंड ओरबाडून लाल. "तुमीच केलंसा हे सगळं!"
"स्टिकर कुणी लावलं?"
फोन आपटला तिने.

मी सांगितलं ते बरोबरच. उद्याही सांगेन. पण या वयात पाण्यावर... 

१० जाने., सांगली

उपास सुटला. आजी मुगाचं कढण पीत होत्या. चेहरा उतरलाय, आवाज मात्र खणखणीत.

डबी दिली. हुंगून बघितली. "यात कोण मेलं?"
"कोणी नाही."
दंडाला चोळलं. गुण सांगेन म्हणाल्या, पंधरवड्याने.

मग एकदम: "दिराकडं किती ऱ्हायल्यात?"
"तीन."
"ते कापायचं न्हाईत."

मी स्पष्ट बोलले. बायकांनी तेल सांगून ठेवलंय. माझा चार लोकांत शब्द आहे. पक्षी नाही तर तेल नाही.

"मी इचारलं न्हाई, बाई. सांगितलं."

बाहेर आले तर आजींच्या सांगण्यावरून सुनेने पक्ष्यांसाठी मका माझ्या टेंपोत चढवून ठेवला होता. मी हो म्हटलेलं नाही. उतरवायलाही सांगितलं नाही.

११ जाने., वडूज

भावजी पोत्यांकडे बघत राहिले. "वैनी, मका घालून कापायचं, का मका घालून नुसतं बघत बसायचं?"

"आधी घाला."

"मंग?"

"घाला म्हणते ना."

सुपात मका दिसताच तिन्ही इमू कुंपणाला माना लावून उभे.

पोचवलं: मका, दोन पोती, पाटील आजींकडून. तीन इमूंसाठी. भावजींच्या ताब्यात दिला.